ताटात उरलेलं कुणाच्या नावावर?

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥



एरवी या पत्रात आपण नाम, ध्यान, उपासना यांवर बोलतो. या वेळी पिंपाबद्दल बोलायचं आहे. दवाखान्याच्या स्वयंपाकघरामागे ओल्या कचऱ्याचं हिरवं पिंप असतं ना, त्याबद्दल. विषय ऐकायला बरा वाटणार नाही. पण गेलं वर्षभर आमच्या इंदूरच्या कुटुंब-गटाला या पिंपाने बरंच काही शिकवलं, म्हणून ते सगळ्या गटांसमोर ठेवतो आहोत.

आमच्यातले दहा-बारा जण दर गुरुवारी शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात सेवेला जातात. सकाळी भाजी निवडायची, चिरायची, फुलके लाटायचे आणि दुपारी जेवणाच्या गाडीबरोबर वॉर्डात जाऊन वाढायचं. आपल्याकडे इंदुरात स्वयंपाक्यालाही 'महाराज' म्हणतात. तिथले महाराज पहाटे पाचला भट्टी पेटवतात. साधं जेवण, मऊ जेवण, मधुमेहाचं, कमी मिठाचं, पातळ, असे पाच-सहा प्रकार एकाच वेळी निघायला हवेत. लग्नाच्या पंगतीला एकच बेत असतो आणि तरी आपली तारांबळ उडते. इथे हे रोज दोन्ही वेळा चालतं.

एका गुरुवारी बायकांच्या वॉर्डात सत्तरीच्या एक आजी होत्या, जुन्या इंदुरातल्या मराठी घरातल्या. ताटात दोन फुलके, डावभर भात, वरण, दुधीची भाजी. त्यांनी अर्धा फुलका खाल्ला आणि ताट सरकवलं. आमच्यातल्या एकीने अगदी प्रेमाने म्हटलं, "आजी, अन्न टाकू नये हो. पाप लागतं. एवढं संपवा बघू." बाकीच्या आम्ही मान डोलावली. आजींनी आमच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता सगळं संपवलं. ताट स्वच्छ परत गेलं. आम्हाला कोण समाधान वाटलं!

दुसऱ्या दिवशी आमच्यातली एक जण काही कामाने तिथे गेली, तेव्हा सिस्टरांनी सांगितलं की आजींना रात्री दोनदा उलटी झाली, औषधाच्या गोळ्याही बाहेर पडल्या. नव्या औषधांनी त्यांची भूक मेली होती, तोंडाची चव गेली होती. ती बहीण खाटेपाशी गेली तर आजीच हात जोडून म्हणाल्या, "माफ करा हो, तुमचं अन्न पोटात ठरलं नाही."

हे गटात कळलं, तेव्हा कुणाला काय बोलावं सुचेना. आजारी माणसाने आमची माफी मागितली होती, आणि तीही आमच्याच चुकीबद्दल.

आपल्या सगळ्यांवर लहानपणापासून एकच संस्कार आहे, ताटात टाकू नये. संस्कार चांगलाच आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न वाढवावं, अशी व्रतंच सांगितली आहेत. पण घरी आपण हा नियम कुणाला सांगतो? जो स्वतः मागून घेतो त्याला. "हवं तेवढंच घे, मग टाकू नकोस." नियमाचे दोन भाग आहेत. आजींना आम्ही दुसरा भाग सांगितला आणि पहिला विसरलो. ते ताट त्यांनी मागितलं नव्हतं. किती वाढायचं हे आदल्या संध्याकाळी एका कागदावर ठरलं होतं आणि त्या कागदाला त्यांची भूक माहीत नव्हती. मग त्या ताटात जे उरणार होतं, ते कुणाच्या नावावर लिहायचं? खाणाऱ्याच्या, की वाढणाऱ्याच्या?

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पोथीत शोधायच्या आधी पिंपात शोधावं लागलं.

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ ताईंना आम्ही सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सेवाच करायची आहे ना? मग महिनाभर एक वही ठेवा. किती उरलं ते नंतर बघू. प्रत्येक उरलेल्या ताटाशेजारी फक्त का उरलं, ते लिहा. आणि रुग्णाला टोचून विचारू नका, सहज विचारा." आम्ही पाळी लावली आणि महिनाभर रोज दोघं जण दुपारची ताटं गोळा करायला जाऊ लागलो.

वहीत काय काय आलं, ते वाचा. ताट आलं तेव्हा रुग्ण खाटेवर नव्हता, सोनोग्राफीला नेला होता. परत आला तेव्हा भात दगड झाला होता. डॉक्टरांनी तपासणीसाठी उपाशी ठेवायला सांगितलं होतं, पण तो निरोप स्वयंपाकघरापर्यंत पोचलाच नाही. सकाळी अकराला सुट्टी होऊन माणूस घरी गेला, आणि साडेबाराला त्याच्या नावाचं ताट रिकाम्या खाटेपाशी आलं. एकाच्या उजव्या हाताला सलाईन होतं, डाव्या हाताने फुलका तुटेना. एकीची कवळी घरी राहिली होती. एकाला ताट ठेवलेल्या स्टुलापर्यंत हातच पोचत नव्हता, आणि 'जरा पुढे सरकवा' म्हणायचा त्याला संकोच वाटला. बऱ्याच जणांना घरून डबा आला होता. बऱ्याच जणांनी 'गार झालं' म्हटलं. काही म्हणाले, 'एवढं मोठं ताट बघूनच भूक गेली.' आणि मळमळ, दुखणं, चिंता ही कारणं तर दवाखान्यात असायचीच.

महिना संपल्यावर आम्ही वही मोठ्याने वाचली. इतक्या पानांत 'माजलाय म्हणून टाकलं' असं एकही कारण नव्हतं. बहुतेक कारणं रुग्णाच्या पोटात नव्हतीच. ती निरोपात होती, घड्याळात होती, झाकण नसलेल्या ताटात होती, आणि कुणीतरी दोन मिनिटं शेजारी न बसण्यात होती.

तेव्हा आमच्या गटातल्या एका वैद्यांनी चरकसंहितेची आठवण करून दिली. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार करताना आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. पदार्थाचा स्वभाव, त्यावरचा संस्कार, मिश्रण, प्रमाण, देश, काल, जेवणाचे नियम, आणि आठवा 'उपयोक्ता', म्हणजे खाणारा स्वतः. जेवण गरम असावं, मात्रेत असावं, आधीचं पचल्यावर असावं, हेही तिथेच आहे. वैद्य म्हणाले, "आपण सात गोष्टींची काळजी घेतो आणि आठवीला विचारतच नाही." दवाखान्यात तर आठवा आधी यायला हवा, कारण तिथे सगळं चाललंय ते त्याच्यासाठीच.

हा प्रश्न फक्त उष्ट्याचा नाही, हे ताईंनी आम्हाला समजावलं. 2006 साली 25 देशांतल्या, मुख्यतः युरोपातल्या रुग्णालयांत एक पाहणी झाली. सोळा हजारांहून अधिक रुग्ण एका ठरलेल्या दिवशी किती जेवले, हे नोंदवलं गेलं. निम्म्याहून अधिक रुग्णांनी समोर आलेलं जेवण पूर्ण खाल्लं नव्हतं. आणि जे कमी जेवले, त्यांच्यात पुढच्या महिनाभरात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. आजार जास्त म्हणून जेवण कमी, हेही त्यात आहेच. पण इतर कारणं लक्षात घेऊनही कमी जेवण हा वेगळा धोका उरतो, असं अभ्यासकांना आढळलं. म्हणजे पिंपात पडलेला भात हा दोनदा गेलेला भात आहे. एकदा शेतातून, भट्टीवरून, कष्टातून आला तो वाया गेला. आणि जखम भरून यायला, अंगात उभं राहण्याची ताकद यायला जो लागत होता, तोही गेला.

मग रुग्णालयाने काय बदललं? गोष्टी अगदी साध्या आहेत. ताटांची यादी आदल्या संध्याकाळी जायची, ती आता सकाळी दहानंतर पक्की होते. कुणाला सुट्टी, कुणाला उपाशी ठेवायचं, कुणाचा आहार बदलला, हे सिस्टर वॉर्डातल्या फळ्यावर लिहितात आणि तोच निरोप खाली जातो. ताटं खाली भरून वर न्यायची पद्धत बंद झाली. आता झाकणाची भांडी गाडीवर वर येतात आणि वॉर्डाच्या दाराशी वाढप होतं. वाढणारा आधी विचारतो, "अर्धं वाढू की पूर्ण? नंतर पुन्हा येतोच आहे." आणि खरंच पुन्हा येतो. ही दुसरी फेरी फार महत्त्वाची. पुन्हा मिळेल याची खात्री असली की माणूस आधी थोडं घेतो. मिळणार नाही असं वाटलं की भीतीने जास्त घेतो, आणि तेच उरतं.

ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत जेवणाची वेळ राखून ठेवायची पद्धत आहे. त्या वेळात तातडीचं नसेल तर तपासण्या आणि राउंड नकोत, रुग्णाला शांतपणे जेवू द्यावं. ज्याला भरवायला किंवा मदतीला माणूस लागतो, त्याचं ताट तिथे अनेक ठिकाणी लाल असतं, म्हणजे कुणी नुसतं ठेवून जाऊ नये आणि न विचारता उचलूही नये. आमच्याकडे लाल ताटं नाहीत. आम्ही अशा खाटांना लाल रुमाल बांधतो. गुरुवारी आमची निम्मी माणसं वाढायला असतात आणि निम्मी लाल रुमालापाशी बसतात. पाठीला उशी लावायची, कवळी धुऊन द्यायची, फुलक्याचे तुकडे वरणात भिजवायचे, घास गिळेपर्यंत थांबायचं. फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं. पण ते ताट परत येतं तेव्हा बघा.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. रसोईच्या महाराजांचा पहिल्या दिवसापासून विरोध होता. ते म्हणाले, "कम पड़ गया तो गाली किसको पड़ेगी? मुझको." त्यांचं खोटं नव्हतं. अन्न उरलं तर स्वयंपाक्याला कुणी बोलत नाही; पुरलं नाही तर सगळे बोलतात. आपल्या घरी आई-आजी चार पोळ्या जास्तीच करतात, त्यामागेही हीच भीती आहे, आणि त्या भीतीत प्रेमही आहे. दारी आलेला उपाशी जाऊ नये. ही भावना मारून टाकायची का?

आम्हाला वाटतं, मारायची नाही, तिची जागा बदलायची. जास्तीचं असू द्या, पण ते पातेल्यात असू द्या, ताटात नको. महाराजांशी बोलून एवढंच ठरलं की भाताचं दुसरं पातेलं धुऊन, भिजवून तयार ठेवायचं, पण वरून आकडा आल्याशिवाय चढवायचं नाही. भिजलेल्या तांदळाची संध्याकाळी खिचडी होते. शिजून गार झालेल्या भाताचं काय करायचं, हा मोठा प्रश्न असतो. शिजलेलं गरम अन्न 60 अंशांच्या वर राहायला हवं आणि थंड ठेवायचं ते 5 अंशांच्या खाली. मधल्या उष्णतेत जंतू भराभर वाढतात. भातातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. त्यामुळे 'दुपारचा भात आहे, देऊ कुणाला तरी' हे दवाखान्यात चालत नाही, आणि खरं तर कुठेच चालू नये. जे आपण आपल्या मुलाला देणार नाही, ते गरिबाला दिलं म्हणून ते दान होत नाही. उरलेलं अन्न वाटण्याबाबत आपल्या देशात 2019 पासून नियम आहेत, त्यांचाही गाभा हाच आहे की द्यायचं ते सुरक्षित असलं पाहिजे.

आणि वॉर्डात जाऊन परत आलेलं ताट? ते पुन्हा कुणाच्याही तोंडी जायचं नाही. आमच्यातल्या काहींनी सुचवलं, गाईला घाला. भावना चांगली, पण संसर्गाच्या खाटेवरून आलेलं अन्न गोमातेपुढे ठेवणं ही कसली पूजा? म्हणून ताटात पडण्याआधीच काय ते वाचवावं लागतं. पातेल्यातलं अन्न अजून अन्न असतं. ताटात पडलं की त्याला एकच वाट उरते, नाहीतर पिंप.

इथे आमच्या इंदूरकरांचा एक आवडता मुद्दा निघाला. "अहो, आपल्याकडे ओला कचरा वाया कुठे जातो? देवगुराडियाला त्याचा गॅस होतो, त्यावर बस धावते!" खरंच आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे रोज 550 टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला, आणि त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ओला-सुका वेगळा घेऊन धावणारी माणसं आम्ही. उघड्यावर कुजून वातावरण तापवणारा वायू हवेत जाण्यापेक्षा गॅस करणं केव्हाही चांगलं. पण एक किलो तांदूळ पिकवायला जगाच्या सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागतं. ते पाणी, तो चिखलातला दिवस, महाराजांची पहाट, यांतलं काय गॅसमधून परत येतं? साल, देठ, चोथा यांचा गॅस जरूर व्हावा. पण वरण-भाताचा गॅस झाला म्हणून हिशेब मिटत नाही. बस धावली, तरी खाटेवरचा माणूस उपाशीच राहिला.

दुसरी एक शंका गंभीर आहे. उष्टं कमी करायचं म्हणून रुग्णालयाने वाढपच कमी केलं तर? वरण पातळ केलं, दूध बंद केलं, आणि 'बघा, पिंप रिकामं' म्हटलं तर? हा धोका खरा आहे, कारण पिंप रिकामं करायचे दोन मार्ग आहेत. एक, लोकांनी जास्त खावं. दुसरा, लोकांना कमी द्यावं. दोन्हींत पिंप सारखंच दिसतं. म्हणून आम्ही ताईंना विनंती केली की किती टाकलं गेलं याबरोबर किती खाल्लं गेलं हेही लिहीत राहू या. आणि वाचलेला पैसा ताटातच परत यावा. व्यवस्थापनाने ते मान्य केलं. आता दुपारी चारला दूध किंवा दलिया मिळतो, कारण आजारी माणसाला एका वेळी पोटभर जात नाही, पण थोडं थोडं चार वेळा जातं. गोव्याच्या आपल्या बंधूंना हे वेगळं सांगायला नको. आजाऱ्याला पेज देताना ती वाटीने, विचारून आणि पुन्हा पुन्हा द्यायची असते, हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. तो आपल्या स्वतःच्या अन्नदानाचा.

गुरुपौर्णिमेला आमचा गट अनेक वर्षं त्या रुग्णालयात शिरा-पुरी-भाजी वाटायचा. तुपातला शिरा, केशर घालून. प्रत्येक खाटेवर एक पाकीट. वही ठेवायला लागल्यानंतरच्या पौर्णिमेला आम्ही संध्याकाळी पिंपापाशीही उभे राहिलो. आमचीच पाकिटं होती त्यात, काही तर उघडलेलीही नव्हती. मधुमेहाच्या वॉर्डात आम्ही शिरा दिला होता. ज्यांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं त्यांना तळलेल्या पुऱ्या दिल्या होत्या. आणि आमचं वाटप साडेअकराला झाल्यामुळे साडेबाराचं दवाखान्याचं जेवणही उरलं होतं. एका दानाने दोन जेवणं पिंपात घातली.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. सात्त्विक दान कुठलं, तर जे योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलं जातं. देश, काल, पात्र. आम्ही हे किती वेळा ऐकलं असेल! पण शिऱ्याचं पाकीट हातात घेऊन कधी विचारलं नाही की जागा योग्य आहे का, वेळ योग्य आहे का, आणि समोरच्याला हे चालतं का. आम्हाला द्यायचं होतं. त्याला घ्यायचं होतं का, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. आजींच्या बाबतीत केलेली चूक आणि ही चूक एकच होती, फक्त इथे ती केशर घालून केली होती.

यंदा पौर्णिमेआधी रुग्णालयालाच विचारलं, तुम्हाला काय हवं? दोन उत्तरं आली. रुग्णांना जेवण मिळतं, पण बाहेर व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलेले नातेवाईक, खेड्यापाड्यांतून आलेले, ते दिवसदिवस चहा-बिस्किटांवर काढतात. त्यांना जेवण द्या. आणि रुग्णांसाठी झाकणाची ताटं कमी आहेत, ती द्या. म्हणून यंदा व्हरांड्यात पंगत झाली, पोळी, भाजी, वरण-भात, बसवून, विचारून, पुन्हा वाढून. उरलेल्या पैशांची झाकणं घेतली.

गटात सगळ्यांना हे पटलं नाही. आमच्यातले एक ज्येष्ठ काका, ज्यांनी ही प्रथा सुरू केली, फार दुखावले. म्हणाले, "झाकणाला काय प्रसाद म्हणायचं? रुग्णाच्या मुखी गोड घास जात होता, तो तुम्ही काढलात." त्यांना आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. गोड घासाची किंमत वहीत लिहिता येत नाही हेही खरं आहे. ज्यांना चालत होतं अशा रुग्णांसाठी काकांनी ताईंना विचारून वाटीभर शिरा केला, आणि स्वतः खाटेपाशी बसून चमच्याने दिला. काका अजून थोडे नाराज आहेत. आमचा आदर तेवढाच आहे. मतभेद राहू द्यावा, असं ठरलं.

बेळगावच्या गटातून मध्यंतरी विचारणा आली होती की आमच्याकडे दवाखान्याची सेवा नाही, मग आम्ही यातून काय घ्यायचं. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की हा विषय घरापासून लांब नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात हॉटेलं, भोजनगृहं, दवाखान्यांसारखी स्वयंपाकघरं मिळून सुमारे 28 टक्के, आणि घरं सुमारे 60 टक्के. पिंपाचा मोठा भाग आपल्याच ओट्याखाली आहे.

आणि दवाखान्यातल्या पिंपातही आपल्या घरचं अन्न असतं. कुणी नात्यातलं दाखल झालं की आपण काय करतो? तीन घरांतून तीन डबे. मावशीचा उपमा, वहिनीची खिचडी, शेजारच्या काकूंचं सूप. प्रत्येकीचं प्रेम खरं. पण खाणारा एक, तोही आजारी. दवाखान्याचं ताट परत जातं, दोन डबे परत येतात, आणि 'एवढं मन लावून केलं, जेवला नाहीस' हे ऐकून तो बिचारा आणखी मिटतो. एक फोन करून पाळी ठरवली, आहारतज्ज्ञांना काय चालेल ते विचारलं, आणि उरलेल्या दोघींनी डब्याऐवजी अर्धा तास शेजारी बसायचं ठरवलं, तर त्याच्या पोटात जास्त जाईल. घरात कुणी आजारी असलं तरी हेच. छोटी वाटी, थोडं अन्न, गरम, आणि "अजून आहे हं, हवं तर सांग."

सुरुवातीचा प्रश्न होता की ताटात उरलेलं कुणाच्या नावावर. आता आम्हाला असं वाटतं की ज्याने स्वतःच्या हाताने घेतलं, त्याच्या नावावर. पण ज्याला दुसऱ्याने वाढलं, त्याच्या ताटातलं उरलेलं वाढणाऱ्याच्या नावावर. ओगराळं ज्याच्या हाती, हिशेबही त्याच्याकडेच. आई-बाप मुलाला वाढतात, सून सासऱ्यांना वाढते, यजमान पंगतीला वाढतो, गट रुग्णाला वाढतो. 'टाकू नये' हा नियम आपण समोरच्याला सांगायच्या आधी 'विचारून वाढावं' हा नियम स्वतःला सांगू या.

त्या आजी आम्हाला पुन्हा भेटल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी त्यांच्या खाटेवर दुसरी एक बाई होती. आजी घरी गेल्या, एवढंच कळलं. आम्हाला त्यांची माफी मागायची होती, ती राहून गेली. त्यांनी मात्र आमची मागितली होती. त्या गुरुवारी गाडी त्याच खाटेपाशी आली, तेव्हा त्याच आमच्या बहिणीने ओगराळं हातात धरून त्या नव्या बाईंना विचारलं, "ताई, किती वाढू?" बाई म्हणाल्या, "थोडंसंच." तिने थोडंसंच वाढलं आणि दुसऱ्या फेरीला आठवणीने परत गेली. बाईंनी वाटी पुढे केली.

आपल्या गटात कुणी दवाखान्यात, वृद्धाश्रमात किंवा घरी आजाऱ्याची सेवा करत असेल, तर आपला अनुभव जरूर कळवावा. काय जमलं ते कळवाच, आणि जे जमलं नाही तेही कळवा. पुढच्या पत्रात त्यावर बोलू.

श्रीसद्गुरुचरणी अर्पण.

आपले,
इंदूर कुटुंब-गटातील सेवेकरी